दारावर लिहिलेले अठ्ठावन्न

निवृत्त माणूस आमचा जिना चढायला लागला की मला धडकी भरते. लातुरात गंजगोलाईच्या मागे, बारदान्याच्या एका दुकानावर, आमच्या मासिकाची खोली आहे. 'काकर' हे मासिकाचं नाव. शेतीचं आहे, बत्तीस पानी आहे, आणि त्याचा संपादक, मुद्रितं तपासणारा आणि गठ्ठे बांधणारा मी एकटाच, राजशेखर. एकोणीस वर्षांत या जिन्यानं निवृत्त बँक मॅनेजर आले, तहसीलदार आले, एक हृदयरोगतज्ज्ञसुद्धा आले. प्रत्येकाच्या पिशवीत एक लेख असतो आणि प्रत्येक लेखाच्या शेवटी लेखक चंदनाची झाडं लावून सुखी झालेला असतो. मी चहा पाजतो आणि लेख परत देतो.

२०१७च्या उन्हाळ्यात लेफ्टनंट कर्नल भुजंग वडजे आले, तेव्हा मी चहासुद्धा सांगितला नाही. उंच माणूस, इस्त्रीची पँट, काखेत फाईल. लेख चौदा पानांचा होता आणि परिच्छेदांना क्रमांक होते. पहिला, उद्दिष्ट. दुसरा, भूभाग. तिसरा, शत्रू. शत्रू म्हणजे तण, आणि त्याचे पुन्हा अ, ब, क असे पोटप्रकार. सातव्या परिच्छेदात लव्हाळ्याला तीन बाजूंनी वेढा पडला होता. मी वाचेपर्यंत हे गृहस्थ खुर्ची असून उभेच राहिले, त्यानं माझं डोकं आणखी फिरलं.

"यात तुमचं काय चुकलं ते कुठं आहे?" मी विचारलं.

"चुकलं नाही काही."

"मग छापण्यासारखंही काही नाही. जो चुकतच नाही त्याच्याकडून कास्तकारानं काय घ्यायचं?"

ते म्हणाले, "ठीक आहे." लेख फाईलमध्ये सरळ लावला आणि जिना उतरून गेले. पावलांचा आवाज एकसारखा येत होता. ब्याद टळली, असं मला वाटलं. ते माझं चुकलं, आणि आज हे लिहायला बसलोय ते त्या चुकीची भरपाई म्हणून.

भुजंगराव लोहा तालुक्यातल्या माळसांगवीचे. लहानपणीच सैनिकी शाळेत गेले, तिथून फौजेत, आणि चोवीस वर्षं नोकरी करून २०१६ साली गावी परतले. त्यांच्या पत्नी उज्वलाताई नांदेडला शाळेत शिकवतात, त्या शनिवारी येतात. माळसांगवीची एक रीत आहे. फौजेतून आलेला प्रत्येक माणूस 'मेजर'. माउली केंद्रे नाईक म्हणून निवृत्त झाला, तो माउली मेजर. भुजंगराव त्याच्या कितीतरी वरचे, तरी तेही मेजरच. गावानं एकाला परस्पर बढती दिली, दुसऱ्याला खाली उतरवलं, आणि आता दोघंही एकाच पारावर बसून एकाच किटलीतला चहा पितात. भुजंगरावांना याचं काही वाटलं नाही. त्यांना लागायचं ते वेगळंच. शेत कसणाऱ्याला गावात कास्तकार म्हणतात, आणि त्यांना कोणी कास्तकार म्हणत नव्हतं.

शेत अकरा एकर. ते कसत होत्या त्यांच्या थोरल्या भावजय, केवळाबाई. भाऊ श्रीमंतराव २००९ साली गेले, तेव्हापासून नांगरटीपासून काढणीपर्यंत सगळं या बाईनं एकटीनं ओढलेलं. साठीच्या आसपासचं वय, काटक अंग, बोलणं कमी. पण बोलल्या की समोरच्याला बसायला जागा शोधावी लागते. दीर नकाशे आणि वह्या घेऊन घरी आला, तेव्हा त्यांनी फार काही विचारलं नाही.

"खालचं चार एकर घ्या, भाऊजी," त्या म्हणाल्या. "त्यात काय पायजे ते करा. पर माझ्या जोंधळ्याच्या बियाला हात लावायचा न्हाई."

हे जोंधळ्याचं बी त्या घरात सासूकडून सुनेकडे आलेलं आहे. देवाच्या कोनाड्याखाली मडक्यात, राख आणि कडुनिंबाचा पाला घालून ते ठेवलेलं असतं. बाकी सगळं रान आता ट्रॅक्टरनं पेरतात, पण रब्बीच्या जोंधळ्याची पहिली पाच तासं, म्हणजे पेरणीच्या पहिल्या पाच ओळी, बैलांच्या तिफणीनंच निघतात. तिफणीवर लाकडाची वाटी असते, तिला चाडं म्हणतात. तिफणीबरोबर चालत त्या चाड्यात मुठीतून बी सोडायचं. सोडणाऱ्याचा हात एकसारखा हवा, नाहीतर रान कुठे दाट आणि कुठे टकलं उगवतं. ही मूठ घरच्या कास्तकारानं धरायची असते. श्रीमंतराव असेपर्यंत त्यांनी धरली, त्यांच्यामागे केवळाबाईंनी. परत आल्याच्या पहिल्याच दसऱ्याला भुजंगरावांनी विचारलं, "वैनी, औंदा मूठ मी धरू का?"

केवळाबाईंनी त्यांच्या हाताकडे पाहिलं. "अजून न्हाई," म्हणाल्या.

भुजंगरावांनी मनाशी गाठ बांधली. ही मूठ मिळवायची. बटालियन सांभाळलेल्या माणसाला पाच तासं जोंधळा पेरण्याची परवानगी हवी होती, आणि ती देणारी बाई स्वयंपाकघरात बसून शेंगदाणे निवडत होती.

दुसऱ्या वर्षी त्यांच्या चार एकरांत सोयाबीन असं आलं की लोक गाडी थांबवून बघायचे. मला आणून दिलेला लेख त्याच तयारीचा होता, हे मला पुढं कळलं. काढणी झाल्यावर भुजंगरावांनी पारावर जाहीर केलं की पुढच्या वर्षी दुकानाच्या पिशवीची वाट बघायची गरज नाही, बी मी देतो. बारा घरांनी हात वर केला. बी त्यांनी चाळलं, उन्हं दिली, पोत्यांत भरलं आणि घराच्या मागच्या खोलीत त्याची थप्पी लावली.

आता ही थप्पी कशी लावली, ते सांगायला हवं. फौजेत वाळूची पोती रचून मोर्चा बांधतात. एक पोतं आडवं, एक उभं, सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही, आणि प्रत्येक थर लाकडी मोगरीनं ठोकून सपाट करायचा म्हणजे भिंत हलत नाही. चोवीस वर्षांत हाताला लागलेली सवय. भुजंगरावांनी माउली मेजरला हाताशी घेऊन बियाच्या पोत्यांची पुरुषभर उंच भिंत बांधली आणि प्रत्येक थर मोगरीनं ठोकून काढला. दर महिन्याला ती भिंत उतरवून पुन्हा बांधायची, कारण तपासणी. पोती वरून खाली टाकताना धप्प आवाज यायचा, आणि दोन्ही मेजरांना तो आवाज ऐकून बरं वाटायचं. गावातली माणसं ती भिंत बघायला येत. कोणाच्याही घरात इतकी सरळ थप्पी नव्हती.

जूनमध्ये बारा घरांनी ते बी पेरलं. ओल चांगली होती. सातव्या दिवशी शेजारच्या रानात हिरवी रेघ दिसू लागली आणि या बारा घरांच्या व भुजंगरावांच्या मिळून तेरा रानांत काही नाही. नवव्या दिवशी हातभर अंतरावर एखादा कोंब, तोही मान मोडलेला. बारा घरची माणसं भुजंगरावांच्या ओट्यावर येऊन बसली. कोणी आवाज चढवला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं ते मला नंतर म्हणाले. त्यांनी धावपळ करून दुसरं बी मिळवलं, स्वतः ट्रॅक्टरवर बसून बाराही घरांची दुबार पेरणी करून दिली आणि आपलं रान सगळ्यांच्या शेवटी पेरलं. तरी व्हायचं ते झालं. माळसांगवीत नवा शब्द रुजला. कोणाची मोटारसायकल चालू होईना, कोणाचा पंप पाणी ओढेना, की लोक म्हणायचे, "मेजरचं बी झालंय गा."

दुबार पेरणी संपल्यावर केवळाबाई त्या मागच्या खोलीत गेल्या. तिथं दोन पोती उरली होती. त्यांनी पोत्यावरून हात फिरवला.

"हे चापटं कोणी केलं?"

"मी. ठोकून बसवलं," भुजंगराव म्हणाले. "भिंत हलू नये म्हणून."

केवळाबाईंनी पोत्यात हात घातला, मूठभर दाणे काढले आणि तांब्यातल्या पाण्यात टाकले. जरा वेळानं ते ताटलीत ओतले. निम्म्याहून जास्त दाणे एवढ्यातच टम्म फुगले होते आणि त्यांची सालं सुटून वर तरंगत होती.

"साबूत दाणा इतक्या लवकर पाणी पीत न्हाई," त्या म्हणाल्या. "सोयाबीनचं साल म्हंजी कांद्याचा पापुद्रा. चार हातांवरून पोतं टाकलं तरी आत चीर पडती. तुम्ही तर मोगरीनं हाणलं. बी हाय भाऊजी, वाळूचं पोतं न्हाई."

"मग वैनी, तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?"

"तुम्ही इचारलं कुठं? तुम्ही भिंत दाखवायला बलावलं व्हतं. भिंत चांगलीच व्हती."

मग त्यांनी ती अट घातली, जिच्याभोवती पुढची सात वर्षं फिरली. "गावाला दिलेलं तुमचं बी शंभरात सत्तर उगवू द्या. त्या साली जोंधळ्याची मूठ तुम्ही धरा. तवर न्हाई."

पुढच्याच महिन्यात भुजंगराव पुन्हा माझा जिना चढले. यावेळी काखेत फाईल नव्हती, खिशात घडी घातलेली दोन पानं होती. मथळा होता, 'मी बियाला मोगरीनं मारलं'. परिच्छेदांना क्रमांक नव्हते. भिंत, मोगरी, धप्प आवाज, तेरा टकली रानं, बारा माणसं ओट्यावर आणि तांब्यातलं पाणी, सगळं जसंच्या तसं. 'मेजरचं बी' हा शब्दही त्यांनीच लिहून ठेवला होता. मी एक स्वल्पविराम काढला आणि चहा सांगितला. त्या दिवशी ते बसले.

लेख छापला आणि आमच्या मासिकाच्या आयुष्यात कधी आली नव्हती इतकी पत्रं आली. कौतुकाची थोडीच होती. बाकी सगळी कबुलीची. निलंग्याकडच्या सिद्रामप्पांनी लिहिलं की मी बी पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलं आणि उन्हाळ्यानं ते भाजून काढलं, आजवर बायकोलासुद्धा सांगितलं नाही. बिलोलीच्या एकानं लिहिलं की ट्रॉलीवरून पोती मीच फेकली आणि दोष दुकानदाराला दिला. किनवटच्या नागाबाईंनी नातीकडून लिहवून घेतलं होतं की ओलं बी हवाबंद डब्यात घालून मी हुशारी केली आणि उघडलं तेव्हा डब्यात बुरशीचं घोंगडं निघालं. माणसं वर्षानुवर्षं पोटात ठेवलेलं ओकत होती. मी भुजंगरावांना फोन केला आणि सांगितलं की दर महिन्याला दोन पानं तुमची. सदराचं नाव ठेवलं, 'फसलं कुठं'.

ते सदर अजून चालू आहे. भुजंगरावांनी त्यात स्वतःच्या एकवीस चुका लिहिल्या, बाकी वाचकांच्या. दुसऱ्याची चूक लिहिण्याआधी ते त्याच्या रानात जाऊन येत, मग ते उदगीरला असो की किनवटच्या जंगलात. प्रत्येक चूक आपल्या चार एकरांच्या एका कोपऱ्यात मुद्दाम पुन्हा करून बघत. असलं वेड मी दुसऱ्या कोणात पाहिलेलं नाही. २०२२ साली त्या लेखांचं पुस्तक निघालं आणि कृषी मेळाव्यात त्यांना व्यासपीठावर बोलावलं. ते केवळाबाईंना घेऊन गेले, माइक हातात घेतला आणि म्हणाले, "मला येतं ते यांनी शिकवलं. यांनी न सांगता मी जे केलं, ते सगळं पुस्तकात आहे." लोक हसले. केवळाबाईंनी पदर नीट केला आणि समोर बघत राहिल्या.

त्या काळात घरात खरी शिकवणी चालू होती. कोणत्या झाडाच्या शेंगा बियाला राखायच्या, दाणा दातानं कसा पारखायचा, पोतं दोघांनी धरून कसं खाली ठेवायचं, हे सगळं भुजंगराव वहीत उतरवून घेत. पोतं वाजलं की केवळाबाई स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "कोण मारून राहिलं रे त्या बियाला?" दोन्ही मेजर पोतं उचलून पुन्हा हलकेच ठेवायचे. पाच पोत्यांच्या वर थप्पी चढवायची नाही, हा त्या घरचा हुकूम झाला.

आणि दरवर्षी मे महिन्यात मोजणी. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे मांडायचे, गोणपाटाची गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं आणि सहाव्या दिवशी उघडून कोंब मोजायचे. ही रीत जुनीच आहे, कृषी खात्याचे लोकही कधीपासून सांगत आलेत. भुजंगरावांनी तिला एक शेपूट जोडलं. जो आकडा येईल तो आपल्या दारावर गेरूनं लिहायचा, जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसेल असा. पहिल्या वर्षी फक्त त्यांच्याच दारावर आकडा होता, एकसष्ट. मग माउली मेजरच्या. पाच वर्षांत चौदा दारं झाली. पण पेरायला बी कोणी त्यांच्याकडे मागितलं नाही. मेजरचं बी हा शब्द अजून जिवंत होता.

मग गेल्या वर्षीचा मे आला. आदल्या हंगामात ऐन काढणीला पावसानं गाठलं होतं, शेंगा झाडावरच भिजल्या होत्या, त्यामुळे बियाची सगळीकडे बोंब. दुकानात पिशव्या कमी आल्या होत्या आणि आल्या त्यांचा कोणाला भरवसा नव्हता. एका सकाळी अडतीस घरची माणसं भुजंगरावांच्या ओट्यावर आली. सात वर्षांपूर्वी जे बारा बसले होते, ते सगळे त्यांत होते.

"मेजर, तुमच्याकडं बी हाय का?"

होतं. उंचावरच्या तुकड्यातलं, पाऊस येण्याच्या चार दिवस आधी काढलेलं, पाच पोत्यांच्या वर न चढवलेलं. सात वर्षांत जमलेलं सगळं शहाणपण त्यात होतं. भुजंगराव म्हणाले, "आठवडा द्या. मोजतो, मग सांगतो."

शंभर-शंभर दाण्यांच्या दोन गुंडाळ्या मांडल्या. सहाव्या दिवशी पहिली उघडली. कोंब आले अठ्ठावन्न. दुसरी उघडली, पुन्हा अठ्ठावन्न. पावसाची दमट हवा दाण्याला लागलेली होती, त्याला कोणाचा इलाज नव्हता. माउली मेजर शेजारीच उकिडवा बसला होता. तो हळूच म्हणाला, "मेजर, सत्तर ल्हा. कोण मोजून राहिलंय? बारा गुणाचा तर फरक हाय. अन् सत्तर ल्हिलं की वैनीची अट बी फिटली."

भुजंगरावांनी मला सांगितलं की तो विचार त्यांच्याही मनात आला. लपवलं नाही त्यांनी. गेरूची वाटी हातात घेऊन ते दारासमोर किती वेळ उभे होते, ते त्यांनाच आठवत नाही. सत्तर लिहिलं तर गाव बी नेईल, मूठ मिळेल, कास्तकार म्हणतील. अठ्ठावन्न लिहिलं तर अडतीस माणसं उठून जातील आणि 'मेजरचं बी' हा शब्द त्यांच्यामागेही गावात राहील. त्यांनी अठ्ठावन्न लिहिलं. हातभर उंचीचं. मग मारुतीच्या पारावर गाव गोळा केलं आणि उभं राहून सांगितलं, "माझं बी शंभरात अठ्ठावन्न आहे. आहे ते असं आहे."

मागच्या ओळीत कोणीतरी खाकरलं. मग बायकांच्या बाजूनं राजकन्या उठली. तिचा नवरा पुण्याला कामाला असतो, शेत तीच बघते. ती म्हणाली, "माझं चौऱ्याऐंशी निघालं. म्या कोणाला सांगितलं न्हवतं. सांगितलं की मागाया येतेत."

तिच्यामागे एकजण म्हणाला, आमचं बेचाळीस. दुसरा म्हणाला, आमचं एकसष्ट, पण मी सोयऱ्याला पंचाहत्तर सांगितलंय. मग बांध फुटल्यासारखे आकडे येऊ लागले. ज्यांनी मोजलंच नव्हतं, ते घरी जाऊन गोणपाट भिजवायला लागले. त्या आठवड्यात माळसांगवीत एक दार कोरं राहिलं नाही. मी मुद्दाम जाऊन पाहिलं. गल्लीतून चालताना दोन्ही बाजूंना गेरूचे आकडे, कुठे लाजत लिहिलेले बारीक, कुठे ऐटीत मोठे. शाळेच्या निकालाचा दिवस वाटावा असं गाव दिसत होतं.

पुढचं काम केवळाबाईंचं. आकडा कळला की बी फुकट जात नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. शंभरात सत्तर उगवणार असेल तर नेहमीसारखं पेरायचं, सत्तरच्या खाली असेल तर त्याच हिशेबानं दाट सोडायचं, पन्नासच्या खाली असेल तर खायला घ्यायचं, पेरायचं नाही. ज्यांच्याकडे चांगलं बी जास्त होतं, त्यांनी बेचाळीसवाल्यांना दिलं. राजकन्येनं सगळ्यात आधी दोन पोती काढून दिली. भुजंगरावांनी आपलं बी कोणाला किती दाट सोडायचं ते एकेका पोत्यावर लिहून दिलं, आणि माउली मेजरनं ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राचा बीज सोडण्याचा आकडा प्रत्येक रानाला वेगळा लावला. अडतीस रानं, अडतीस वेगळ्या सोडण्या. एवढी काटेकोर पेरणी त्या गावात आजवर झाली नव्हती. खरं सांगायचं तर फौज तिथं कामाला आली.

पेरणीनंतर आठव्या दिवशी मला माउलीचा फोन आला. "संपादक, या अन् बगा," एवढंच तो म्हणाला. मी लातूरहून पहिली एसटी पकडली. शिवारात शिरलो आणि उभाच राहिलो. ओळीत खंड नाही. इकडून तिकडून जिथं बघावं तिथं सरळ हिरव्या रेघा, अडतीसच्या अडतीस रानांत. आजूबाजूच्या गावांत दुबार पेरणीची पळापळ चालली होती आणि माळसांगवीची माणसं बांधावर बसून तंबाखू मळत होती. मी पँट वर करून चिखलात उतरलो आणि मीटरभर ओळीतली रोपं मोजली, पाच ठिकाणी. संपादक असल्यामुळे माझा कोणावर विश्वास नसतो. पाचही ठिकाणी भरपूर भरली.

भुजंगराव बांधावर उभे होते. "खत घालायची वेळ झाली आता," म्हणाले आणि लगबगीनं निघून गेले. आनंदात आले की ते असे माणसांत थांबत नाहीत.

काढणी झाली, दिवाळी जवळ आली आणि जोंधळा पेरायची वेळ झाली. पहिली पाच तासं बघायला ये, असा निरोप केवळाबाईंनी मला पाठवला होता. मी गेलो तेव्हा तिफणीला हळदकुंकू वाहून झालं होतं. बैलांचे कासरे माउलीच्या हातात होते. केवळाबाईंनी मडकं रानात आणलं होतं. त्यांनी फडकं सोडलं, राख झटकली, पाला बाजूला केला, बी सुपात ओतलं आणि सूप भुजंगरावांपुढे धरलं.

भुजंगराव मागे सरले. "वैनी, अट सत्तरची होती. माझे अठ्ठावन्न आले."

"मला ठावं हाय किती आले ते," केवळाबाई म्हणाल्या. "तुम्ही मांडले त्या दिवशी म्या बी तुमच्याच पोत्यातले शंभर मांडले व्हते. चुलीच्या खोलीत. माझे सत्तावन्न आले."

केवळाबाईंनी सूप आणखी पुढे केलं.

"तुम्ही गेरू घिऊन दाराशी हुबे व्हता, तवा मी आतून बगत व्हते. सत्तर ल्हिलं असतं तर हे मडकं मी माझ्यासंगं नेलं असतं, पर तुम्हाला दिलं नसतं. धरा आता. बैल खोळंबून राहिलेत."

भुजंगरावांनी पायांतले बूट काढले आणि बांधावर शेजारी शेजारी, टाचा जुळवून ठेवले. ती सवय जायची नाही. सुपातून मूठ भरली आणि चाड्यावर धरली. माउलीनं बैलांना हाक दिली. तिफण चालू लागली. केवळाबाई शेजारून चालत होत्या, त्यांच्या हाताकडे बघत. पहिल्या तासाला दोनदा म्हणाल्या, "ढिली नगं, भाऊजी." दुसऱ्या तासाला एकदा. तिसऱ्याला काहीच नाही.

चौथं तास रस्त्याच्या कडेनं निघालं, तेव्हा लोह्याच्या बाजाराला निघालेला एकजण मोटारसायकल थांबवून ओरडला, "काकू, मेजर पेरून राहिले का?"

केवळाबाईंनी पदर खोचला. "आमच्या घरचे कास्तकार पेरून राहिलेत," म्हणाल्या.

भुजंगरावांनी ते ऐकलं असणारच, कारण मी अगदी मागेच होतो आणि मलाही स्वच्छ ऐकू आलं. पण त्यांनी मान वर केली नाही. मूठ सोडताना नजर चाड्यावर ठेवायची असते, हे त्यांना याच बाईनं शिकवलं होतं.